दक्षिण अमेरिकी उद्योजक-मुत्सद्द्याची चरित्रनोंद मराठीत कशी लिहावी: आगुस्तीन एडवर्ड्स यांचा नमुना

सप्टेंबर १९२२ मध्ये जिनिव्हात १९२० ते १९४६ च्या राष्ट्रसंघाच्या तिसऱ्या आमसभेचे अध्यक्ष म्हणून चिलीचे आगुस्तीन एडवर्ड्स मॅक-क्लुअर निवडून आले, तेव्हा त्यांचे वय ४४ होते. घरची बँक, वर्तमानपत्रांची मालकी, खासदारकी, दोन राष्ट्राध्यक्षांच्या काळात परराष्ट्रखाते आणि लंडनची वकिलात एवढे सगळे तोवर त्यांच्या नावावर जमा झाले होते. अशा माणसावर मराठीत नोंद लिहायला बसलो की पहिले वाक्य हमखास असे उतरते: ‘ते आधी उद्योजक होते, नंतर राजकारणात आले आणि पुढे राजदूत झाले.’ हे वाक्य चुकीचे आहे, आणि एकदा ते बसले की पुढचा सगळा लेख वाकडा जातो.

मराठी विकिपीडिया असो, मासिकातला लेख असो किंवा दिवाळी अंकातला, पुढची कृती तिन्हीकडे चालेल. उदाहरण सबंध लेखभर एडवर्ड्स यांचेच ठेवले आहे, कारण अशा चरित्रात जे जे चुकू शकते ते सगळे त्यांच्या बाबतीत चुकते.

आधी तक्ता, मग वाक्य

एक आडवा कागद घ्या आणि पाच रकाने आखा: वर्ष, मालकी, निवडून मिळालेले पद, नेमणुकीने मिळालेले पद, आणि त्या वर्षी देशापुढे असलेले प्रकरण. ओळी जन्मापासून (१७ जून १८७८) मृत्यूपर्यंत (१९४१). रिकामी राहिलेली घरे रिकामीच ठेवा, अंदाजाने भरू नका.

मालकीच्या रकान्यात असे दिसेल: १ जून १९०० रोजी सांतियागोतून ‘एल मेर्कुरिओ’ सुरू, १९०२ मध्ये ‘लास उल्तिमास नोतिसियास’, १९०५ मध्ये ‘सिग-साग’ हे सचित्र साप्ताहिक. शेजारच्या रकान्यात त्याच दशकात कियोताचे खासदार. त्याच्याही शेजारी जर्मान रिएस्को आणि पेद्रो मोन्त या राष्ट्राध्यक्षांच्या काळातले परराष्ट्रमंत्रिपद. म्हणजे ज्या दशकात त्यांनी वर्तमानपत्रे काढली, त्याच दशकात त्या वर्तमानपत्रांनी ज्यांच्यावर लिहायचे त्या मंत्रिमंडळातही ते बसले. १९१० च्या दशकात ते लंडनला असतानाही वर्तमानपत्रे त्यांचीच. १९२३ मध्ये नेमणूक लंडनची, पण वसंतातले काही आठवडे ते सांतियागोत पाचव्या अखिल-अमेरिकी परिषदेच्या अध्यक्षस्थानी. (हा वसंत आपला. चिलीत तेव्हा शरद ऋतू असतो. ऋतूंवरून काळ सांगायचा मोह टाळा आणि महिन्याचे नाव लिहा.)

तक्ता भरून झाला की उभे रकाने विसरा आणि आडवे वाचा. एका ओळीत दोन-तीन घरे भरलेली दिसतील, तीच वर्षे लेखात सविस्तर लिहायची. ज्या ओळीत एकच घर भरले आहे, ती एका वाक्यात संपवा.

कोणते आगुस्तीन?

स्पॅनिश पद्धतीत नावापुढे दोन आडनावे येतात, पहिले वडिलांचे आणि दुसरे आईचे. एडवर्ड्स हे वडिलांकडून, मॅक-क्लुअर हे आईकडून. मराठी वाचक शेवटचा शब्द आडनाव समजतो, त्यामुळे लेखात पुढे ‘मॅक-क्लुअर म्हणाले’ असे आले तर ते आईच्या आडनावाने हाक मारल्यासारखे होईल. ‘एडवर्ड्स’ लिहा. वर्णानुक्रमातही नोंद ‘ए’खाली लावा, ‘म’खाली नाही.

या घराण्यात थोरल्या मुलाला आगुस्तीन म्हणण्याची रीत आहे, आणि त्यामुळे आईचे आडनाव हीच त्यांना वेगळे ओळखण्याची एकमेव सोय उरते. आजोबा आगुस्तीन एडवर्ड्स ओसान्दोन (१८१५–१८७८) यांनी उत्तरेच्या खाणपट्ट्यात तांबे आणि सावकारी यांतून संपत्ती उभी केली. वडील आगुस्तीन एडवर्ड्स रॉस (१८५२–१८९७) यांनी वाल्पाराइसोचे जुने ‘एल मेर्कुरिओ’ विकत घेतले, आणि राष्ट्राध्यक्ष बाल्मासेदा यांच्या काळात ते अर्थमंत्रीही होते. आपले आगुस्तीन तिसरे. त्यांचा मुलगा एडवर्ड्स बज, नातू एडवर्ड्स ईस्टमन (१९२७–२०१७).

इथली सगळ्यात घातक चूक म्हणजे नातवाचे काम आजोबांच्या खात्यावर जमा होणे. चिलीत १९७० च्या सुमारास समाजवादी नेते साल्वादोर आयेंदे यांच्या विरोधात ‘एल मेर्कुरिओ’ उभे राहिले, अमेरिकी गुप्तचर यंत्रणेकडून त्या पत्राला पैसे मिळाले, आणि ते अमेरिकी सिनेटच्या १९७५ च्या अहवालात नोंदले गेले. हे सगळे ईस्टमन यांच्या काळातले. मॅक-क्लुअर त्याआधी जवळपास तीस वर्षे वारले होते. शोधयंत्रात नुसते ‘आगुस्तीन एडवर्ड्स’ टाकले की दोघांची माहिती एकत्र येते, म्हणून शोधताना नेहमी दोन्ही आडनावे टाका. लेखक आणि मुत्सद्दी होर्हे एडवर्ड्स (१९३१–२०२३) हे याच आडनावाचे, तेही परराष्ट्रसेवेतले, पण वेगळे गृहस्थ.

‘एल मेर्कुरिओ’ही दोन आहेत. वाल्पाराइसोचे १८२७ चे आणि सांतियागोचे १९०० चे. ‘एडवर्ड्स यांनी १८२७ मध्ये स्थापन केलेले’ अशी ओळ या दोघांच्या सरमिसळीतून तयार होते. एडवर्ड्स मॅक-क्लुअर यांनी स्थापन केले ते सांतियागोचे. वाल्पाराइसोचे त्यांना वारशाने आले.

नावे देवनागरीत उतरवताना

इंग्रजीच्या सवयीने आपण ट, ड लिहितो. स्पॅनिश त आणि द दंत्य आहेत, आणि देवनागरीत ती सोय असताना ‘सँटियागो’ लिहिण्याचे काही कारण नाही: सांतियागो, पेद्रो, मोन्त. लॅटिन अमेरिकेत झ हा उच्चार नाही, तिथे स. म्हणून सान्यार्तू. ह लिहिलेला असला तरी मुका, आणि ज्याला इंग्रजीत जे म्हणतात तो ह: होर्हे. दोन एल लागून आले की य: कियोता, आयेंदे. टिल्डा (डोक्यावरची नागमोडी रेघ) असलेला न म्हणजे न्य: इबान्येझ नव्हे, इबान्येस.

एक अडचण खास मराठीची. आपला ‘च’ दोन तऱ्हांनी वाचला जातो, ‘चार’ मधला आणि ‘चाकू’ मधला. स्पॅनिश च नेहमी ‘चार’ मधला. ‘चाकाबुको’ लिहिले तर बहुतेक वाचक ते ‘चाकू’सारखे वाचतील. इ किंवा ए पुढे असेल तर प्रश्न येत नाही. आ, ओ, उ पुढे असतील तर पहिल्या वेळी ‘च्याकाबुको’ लिहिणे चांगले.

रूढ झालेल्या नावांना मात्र हात लावू नका. स्पॅनिशमध्ये देशाचे नाव चिले आहे, मराठीत ते चिली. एडवर्ड्स हे घराणे मुळात इंग्लंडमधून आलेल्या माणसाचे, म्हणून ते आडनाव मराठी वाचकाला माहीत असलेल्या रूपातच ठेवावे.

चार शब्द जे भाषांतर यंत्रे बिघडवतात

‘कान्सियेर’ हा शब्द चिली-पेरूच्या वर्तमानपत्रांत परराष्ट्रमंत्र्यासाठी येतो. यंत्र त्याचे चॅन्सेलर करते, आणि तिथून मराठीत माणूस कुलपती होतो. ‘आसियेंदा’ म्हणजे मळा, पण मंत्र्याच्या पदनामात ते अर्थखाते. एडवर्ड्स रॉस यांच्याबद्दल ‘मळ्यांचे मंत्री’ किंवा ‘कृषिमंत्री’ असे काही दिसले तर मूळ शब्द हाच आहे. ‘बिसेप्रेसिदेन्ते’ तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो: सभागृहाचा उपाध्यक्ष, एखाद्या संस्थेचा उपाध्यक्ष, आणि राष्ट्राध्यक्ष गैरहजर असताना त्याचे काम पाहणारा मंत्री. चिलीत हे काम गृहमंत्र्याकडे जाई. १९१० मध्ये पेद्रो मोन्त जर्मनीत ब्रेमेन इथे वारले, त्यांच्या जागी काम पाहणारे एलियास फेर्नांदेस आल्बानोही काही आठवड्यांतच गेले, आणि एमिलियानो फिगेरोआ आले. त्या वर्षीच्या कागदांत ‘उपराष्ट्राध्यक्ष’ कोण हे तारखेशिवाय ठरवताच येत नाही.

चौथा शब्द ‘मिनिस्त्रो’, आणि त्यावर सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो.

मिनिस्त्रो म्हणजे मंत्रिमंडळातला मंत्री. पण त्या काळी परदेशात नेमलेल्या दूतालाही मिनिस्त्रोच म्हणत. पूर्ण पदनाम ‘असाधारण दूत आणि पूर्णाधिकारी मंत्री’ असे लांबलचक. पहिल्या महायुद्धाच्या काळात राजदूत हा दर्जा मोठ्या सत्तांनी प्रामुख्याने आपापसांत राखून ठेवलेला होता. चिलीसारख्या देशाचा लंडनमधला प्रतिनिधी राजदूत नव्हे, तर पूर्णाधिकारी मंत्री असे, आणि त्याच्या कचेरीचा दर्जा दूतावासापेक्षा एक पायरी खाली. म्हणून ‘१९१५ मध्ये चिलीचे मंत्री एडवर्ड्स यांनी निषेध नोंदवला’ या वाक्यातून वाचकाला वाटते की ते सांतियागोत मंत्रिमंडळात बसले होते. ते लंडनमध्ये होते.

यावर मराठीत उपाय तयार आहे. पेशवाईत पुणे दरबारचे वकील हैदराबादला असत, गोविंदराव काळ्यांसारखे. कोर्टातल्या वकिलाने तो शब्द नंतर पळवला, पण ‘वकिलात’ अजून राजनैतिक अर्थानेच उरला आहे. तेव्हा खालच्या दर्जाच्या कचेरीला ‘वकिलात’ आणि वरच्या दर्जाच्या कचेरीला ‘दूतावास’ असे वाटून घ्या, आणि लेखाच्या सुरुवातीला एका वाक्यात तसे सांगून टाका. माणसाला वकिलातीत असताना ‘दूत’, दूतावासात असताना ‘राजदूत’. एडवर्ड्स १९१० च्या दशकात आणि १९२० च्या पूर्वार्धात लंडनला दूत होते. १९३० च्या दशकात ते पुन्हा लंडनला गेले तेव्हा कचेरीचा दर्जा वाढलेला होता आणि ते राजदूत होते. ‘मंत्री’ हा शब्द फक्त मंत्रिमंडळापुरता राखून ठेवा.

मंत्रिपद किती महिन्यांचे?

त्यांच्या चरित्रात परराष्ट्रखाते वारंवार येते-जाते. हे पाहून काही लेखक ‘त्यांची हकालपट्टी झाली’ किंवा ‘त्यांनी बाणेदारपणे राजीनामा दिला’ असे रंग भरतात. कारण साधे आहे. १८९१ च्या यादवीनंतर १९२५ पर्यंत चिलीत संसदेचा वरचष्मा होता, सभागृहात बहुमत हलले की मंत्रिमंडळ पडे, आणि मंत्रिपद बरेचदा काही महिनेच टिके. त्या काळात एकाच माणसाने एकच खाते दोन-तीनदा भूषवणे नेहमीचे. ही पार्श्वभूमी एका वाक्यात आधी सांगितली की प्रत्येक राजीनाम्याचे स्पष्टीकरण शोधत बसावे लागत नाही. शक्य तिथे मंत्रिपद सुरू आणि संपल्याचा महिना द्या. नुसते ‘१९०३, १९०५, १९०९ मध्ये मंत्री’ असे लिहिले तर सलग सहा वर्षांचा भास होतो.

लंडन: काम काय होते ते लिहा

‘त्यांनी चिलीचे हितसंबंध जपले’ हे वाक्य कोणत्याही दूताला लावता येते, म्हणून ते लिहून काही मिळत नाही. दोन प्रकरणे घ्या.

पहिले ‘द्रेस्देन’चे. फॉकलंडच्या लढाईतून डिसेंबर १९१४ मध्ये निसटलेली ही जर्मन क्रूझर १४ मार्च १९१५ रोजी हुआन फेर्नांदेस बेटांपाशी, चिलीच्या हद्दीतल्या पाण्यात नांगरलेली असताना ब्रिटिश युद्धनौकांनी तिच्यावर तोफा डागल्या. जर्मन खलाशांनी शेवटी जहाज स्वतःच बुडवले. चिली युद्धात तटस्थ होता, त्याच्या हद्दीत ही लढाई झाली, आणि निषेधाचा खलिता लंडनमध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे यांच्याकडे गेला तो एडवर्ड्स यांच्या सहीने. ब्रिटनने माफी मागितली. हे लिहिताना क्रम सांभाळा: आधी तटस्थतेचा नियम, मग घटना, मग खलिता. घटना आधी सांगितली की लेख समुद्री लढाईचा होतो आणि दूत मागे पडतो.

दुसरे ‘आल्मिरान्ते लातोर्रे’चे. चिलीने इंग्लंडमध्ये बांधायला दिलेली ही युद्धनौका १९१४ मध्ये ब्रिटनने स्वतःसाठी घेतली, ‘कॅनडा’ या नावाने ती जटलंडच्या लढाईत होती, आणि १९२० मध्ये चिलीने ती परत विकत घेतली. या सगळ्या काळात लंडनची वकिलात एडवर्ड्स यांच्याकडे होती. इथे थांबा. ‘त्यांच्याकडे होती’ आणि ‘त्यांनी सौदा जमवला’ ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि दुसऱ्यासाठी त्यांच्या सहीचा कागद हातात हवा. अशा चरित्रांत पदावर असणे आणि काम करणे यांतली रेघ सगळ्यात लवकर पुसली जाते.

जिनिव्हा

राष्ट्रसंघ म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघ नव्हे. मराठीत दोन्ही नावे जवळची, म्हणून पहिल्या उल्लेखात ‘१९२० ते १९४६ चा राष्ट्रसंघ’ असे लिहा. आणि एडवर्ड्स ‘राष्ट्रसंघाचे अध्यक्ष’ नव्हते. संघाला असे पदच नव्हते. आमसभा वर्षातून एकदा भरे आणि त्या अधिवेशनापुरता अध्यक्ष निवडला जाई. बेल्जियमचे पॉल हायमान्स १९२० मध्ये, नेदरलँड्सचे व्हान कार्नबेक १९२१ मध्ये, १९२२ मध्ये एडवर्ड्स, १९२३ मध्ये क्यूबाचे कोस्मे दे ला तोर्रियेन्ते. त्या खुर्चीवर बसलेले लॅटिन अमेरिकेतले ते पहिले. याच अधिवेशनात हंगेरीला संघात प्रवेश मिळाला. भारत संघाचा मूळ सदस्य होता, आणि या तिसऱ्या आमसभेत भारताच्या शिष्टमंडळात मद्रासचे पी. एस. शिवस्वामी अय्यर होते. भारतीय वाचकाला हा दुवा द्यायला हरकत नाही, पण एका वाक्यापुरताच.

त्या निवडीचे वजन कळायला एक वर्ष मागे जावे लागते. १९०४ च्या तहाने बोलिव्हियाने समुद्रकिनारा कायमचा सोडला होता. तो तह फेरविचारात घ्यावा अशी बोलिव्हियाची मागणी राष्ट्रसंघापुढे आली, आणि १९२१ मध्ये कायदेपंडितांच्या समितीने ती आमसभेच्या कक्षेबाहेरची ठरवली. चिलीच्या बाजूने तिथे उभे राहिलेल्यांत एडवर्ड्स होते. ज्या सभेत एक वर्ष आधी त्यांचा देश आरोपीसारखा उभा होता, त्याच सभेचे ते अध्यक्ष झाले. हा मजकूर तारखांच्या यादीत गाडू नका. इथे परिच्छेदभर जागा द्या.

आरिका: जिथे घाई करायची नाही

या चरित्राचा सगळ्यात अवघड भाग १९२५ चा, म्हणजे ताक्ना आणि आरिका या प्रांतांवरून चिली-पेरूत चाललेल्या वादाचा आहे, आणि बहुतेक नोंदींत त्याला एक ओळ मिळते. किमान चार परिच्छेद द्या, आणि सुरुवात आजोबांपासून करा.

आतोकामा वाळवंटातला सोडियम नायट्रेट, म्हणजे सालित्रे, खत आणि दारूगोळा दोन्हींसाठी जगभर लागे. बोलिव्हियाच्या तेव्हाच्या किनारपट्टीवर, आन्तोफागास्ता इथे चिलीची एक सालित्रे आणि रेल्वे कंपनी काम करत होती. तिच्या मोठ्या भागधारकांत एडवर्ड्स ओसान्दोन आणि ब्रिटिश गिब्स पेढी होती. फेब्रुवारी १८७८ मध्ये बोलिव्हियाने निर्यातीवर क्विंटलमागे १० सेंटाव्हो कर बसवला. चिलीने १८७४ च्या तहाकडे बोट दाखवले, कारण त्यात २५ वर्षे नवे कर न बसवण्याची हमी होती. कंपनीने कर भरला नाही, मालमत्तेच्या लिलावाची वेळ आली, आणि १४ फेब्रुवारी १८७९ रोजी चिलीचे सैन्य आन्तोफागास्तात उतरले. पॅसिफिक युद्ध सुरू झाले, आणि बोलिव्हियाशी गुप्त करार असल्यामुळे पेरूही त्यात ओढला गेला.

२० ऑक्टोबर १८८३ च्या आंकोन तहाने तारापाका प्रांत चिलीला कायमचा मिळाला. ताक्ना आणि आरिका दहा वर्षांसाठी चिलीच्या ताब्यात राहायचे होते, मग तिथल्या लोकांनी मतदानाने ठरवायचे आणि जिंकणाऱ्या देशाने दुसऱ्याला एक कोटी पेसो द्यायचे. दहा वर्षे १८९४ मध्ये संपली. कोण मत देणार आणि मतदान कोण घेणार यावर एकमत झाले नाही, आणि सार्वमत झालेच नाही. १९२२ मध्ये दोन्ही देशांनी वाद अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाकडे सोपवला. ४ मार्च १९२५ रोजी कूलिज यांनी निवाडा दिला: सार्वमत घ्या, आणि ते तीन जणांच्या आयोगाने घ्यावे.

आयोगाचे अध्यक्ष अमेरिकेचे जनरल पर्शिंग, पेरूकडून मानुएल दे फ्रेइरे सान्तान्देर, चिलीकडून आगुस्तीन एडवर्ड्स. ऑगस्ट १९२५ मध्ये आरिकात काम सुरू झाले. प्रशासन चिलीचे, पोलीस चिलीचे, आणि पेरूच्या बाजूच्या रहिवाशांवर दडपण येत असल्याच्या तक्रारी आयोगापुढे रोज येत होत्या. एडवर्ड्स यांची भूमिका अशी की निवाड्याने चिलीचे प्रशासन काढलेले नाही, तेव्हा सार्वमताची तारीख ठरवा. पर्शिंग यांची भूमिका अशी की आधी मोकळे वातावरण, मग तारीख. पर्शिंग जानेवारी १९२६ मध्ये परतले, त्यांच्या जागी जनरल लॅसिटर आले, आणि जून १९२६ मध्ये लॅसिटर यांच्या ठरावाने सार्वमत अशक्य असल्याचे जाहीर झाले. त्यात दोष चिलीच्या अधिकाऱ्यांवर ठेवला होता. अखेर ३ जून १९२९ च्या लिमा तहाने ताक्ना पेरूला, आरिका चिलीला, आणि चिलीने पेरूला ६० लाख डॉलर द्यायचे असे ठरले.

हा भाग लिहिताना तीन गोष्टी चुकतात. लॅसिटर यांचा ठराव आणि कूलिज यांचा निवाडा एकच समजले जातात, तेव्हा दोन्हींच्या तारखा वेगळ्या परिच्छेदांत ठेवा. चिलीची साधने वाचून लिहिले की पर्शिंग पक्षपाती दिसतात, पेरूची वाचून लिहिले की एडवर्ड्स कारस्थानी दिसतात. अमेरिकी परराष्ट्रखात्याच्या प्रकाशित पत्रव्यवहाराचे १९२५ आणि १९२६ चे खंड आणि आयोगाची इतिवृत्ते शेजारी ठेवून वाचा, आणि वादाचा प्रत्येक मुद्दा कोणाचा ते नावासकट सांगा. तिसरी चूक उत्साहाची: आजोबांच्या कंपनीने युद्ध पेटवले आणि नातवाने त्याची फळे राखली, असे सरळ सूत्र मांडणे. कंपनीतला वाटा खरा, कराचा वाद खरा, आयोगावरची खुर्ची खरी. पण १९२५ मधल्या भूमिकेमागे घरचा पैसा होता असे म्हणायला वेगळा पुरावा लागतो. दोन्ही तथ्ये जवळ ठेवा आणि वाचकाला पाहू द्या.

पैशांचे आकडे

आकड्यांतला टिंब आपल्या स्वल्पविरामासारखा असतो: १.५०० म्हणजे दीड हजार, दीड नव्हे. स्पॅनिश ‘बियोन’ म्हणजे अब्ज नव्हे, लाख कोटी. जुने पेसो आजच्या दरानुसार रुपयांत फिरवू नका. चिलीने १९६० मध्ये १००० पेसोंचा एक एस्कुदो केला आणि १९७५ मध्ये १००० एस्कुदोंचा नवा पेसो, म्हणजे आजचा एक पेसो जुन्या दहा लाख पेसोंबरोबर. दर काढणारी संकेतस्थळे हे पाहत नाहीत. त्या काळचा आकडा त्याच चलनात द्या, आणि तुलना हवी असेल तर त्याच वर्षातल्या दुसऱ्या रकमेशी करा.

साधन स्वतःच त्याचे असेल तर

एडवर्ड्स यांच्याबद्दल सगळ्यात सहज मिळणारा स्पॅनिश मजकूर ‘एल मेर्कुरिओ’चा, आणि ते त्यांचे पत्र. तारीख, स्थळ, भाषणाचा मजकूर यासाठी ते उत्तम. स्वागत कसे झाले, जनतेला काय वाटले, विरोधक कसे गप्प झाले, यासाठी ते वापरू नका. खासदारकीच्या तारखांना चिलीच्या संसद ग्रंथालयाची चरित्रपाने, जुन्या अंकांना राष्ट्रीय ग्रंथालयाचे ‘मेमोरिया चिलेना’ संकेतस्थळ, जिनिव्हासाठी राष्ट्रसंघाचे अधिकृत नियतकालिक, कूलिज यांच्या निवाड्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या लवाद निवाड्यांचा दुसरा खंड. कार्लोस इबान्येस यांच्या राजवटीत (१९२७–१९३१) एडवर्ड्स युरोपात होते आणि इंग्रजीतून चिलीचा इतिहास लिहीत होते. ती पुस्तके त्यांच्या मतांसाठी वाचावीत, घटनांच्या खात्रीसाठी नाही.

किती लिहायचे

दीड हजार शब्दांच्या नोंदीत घराणे आणि संपत्ती २००, वर्तमानपत्रे २००, संसद आणि मंत्रिपदे २००, लंडन २५०, जिनिव्हा आणि सांतियागो परिषद २००, आरिका ३५०, अखेरची वर्षे १००. सांतियागो परिषदेत (२५ मार्च ते ३ मे १९२३) आंतरराष्ट्रीय वादांच्या चौकशीचा गोन्द्रा करार झाला, आणि पेरू, बोलिव्हिया, मेक्सिको हे तीन देश आले नव्हते, एवढे दिले तरी पुरे. पहिल्या दोघांची गैरहजेरी आरिकाच्या भागाशी जोडून घ्या.

हेच प्रमाण दुसऱ्यांना लावू नका. बोलिव्हियाचे कथिलसम्राट सिमोन पातिन्यो स्पेन आणि फ्रान्समध्ये बोलिव्हियाचे दूत होते, पण त्यांच्या नोंदीतला निम्मा भाग खाणींना लागेल आणि शेवट १९४७ च्या मृत्यूवर न थांबता १९५२ च्या राष्ट्रीयीकरणापर्यंत न्यावा लागेल. पेरूचे पेद्रो बेल्त्रान जमीनदार, ‘ला प्रेन्सा’चे मालक, वॉशिंग्टनला राजदूत, आणि १९५९ ते १९६१ पंतप्रधान. तिथे वजन पंतप्रधानपदाकडे झुकते. तक्ता आखल्यावर कोणत्या ओळी दाट आहेत त्यावरून प्रमाण ठरते.

लेख पाठवण्याआधी एक शोध चालवा. मजकुरात ‘मंत्री’ हा शब्द जिथे जिथे आला आहे तिथे थांबा. शेजारी खात्याचे नाव आणि वर्ष असेल तर पुढे जा. शेजारी लंडन, माद्रिद किंवा रोम दिसले तर तो शब्द खोडून ‘दूत’ लिहा, आणि ते वर्ष तक्त्यात योग्य रकान्यात आहे का ते पुन्हा पाहा.